आतड्याच्या ओसरीवर : एका परजीवीच्या शोधाचा इतिहास

विसाव्या शतकातील बालअतिसाराचा इतिहास बहुधा दोन यशांच्या आधारे सांगितला जातो. पहिले यश मीठ-साखरेच्या पाण्याचे. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज व मीठ घातलेले पाणी पिंपांत कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच पाजण्याचा धाडसी निर्णय घेतला, आणि ३० टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांखाली उतरले. दुसरे यश लसीचे. १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबाने आजारी असलेल्या मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत रोटाव्हायरस हा विषाणू पाहिला. त्याविरुद्धची लस २०१६ पासून भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली, आणि तिच्या दोन भारतीय प्रकारांपैकी एक पुण्यात तयार होतो. १९८२ मधील एका अंदाजानुसार चीन वगळता आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत पाच वर्षांखालील सुमारे ४६ लाख मुले दरवर्षी अतिसाराने दगावत होती. आज जगभराचा तोच आकडा ५ लाखांच्या आत आला आहे, आणि त्यात या दोन यशांचा वाटा मोठा आहे.

तथापि, या दोन्ही कथांत न बसणारा एक रोगकारक आहे. तो विषाणू नव्हे आणि जिवाणूही नव्हे; मलेरियाच्या परजीवीच्या दूरच्या नात्यातला तो एकपेशीय जीव आहे. त्याच्यावर लस नाही, नेहमीची प्रतिजैविके त्याला लागू पडत नाहीत आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला तो दाद देत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हे त्याचे नाव, म्हणजे ग्रीक भाषेत ‘लपलेला बीजाणू’. त्याचे पहिले वर्णन १९०७ सालचे आहे. गरीब देशांतल्या तान्ह्या मुलांचे प्राण घेणाऱ्या प्रमुख कारणांत त्याची निर्विवाद गणना झाली ती २०१३ साली. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत तो कोणाला दिसला, कोठे दिसला आणि कोणाच्या शौचात त्याला शोधावे असे कोणालाच वाटले नाही, हे पाहू गेल्यास त्याचे लपणे सर्वस्वी त्याच्या शरीररचनेमुळे नव्हते असे दिसून येते.

आतड्यातील परजीवींशी वैद्यकाची ओळख तशी जुनी. डच सूक्ष्मदर्शककार आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६८१ मध्ये स्वतःलाच जुलाब झाले असता स्वतःचीच विष्ठा भिंगाखाली ठेवली आणि तीत चपळपणे फिरणारे जे ‘लहान प्राणी’ पाहिले, ते आजच्या भाषेत गिआर्डिया असावेत असे मानले जाते. त्याच जीवाचे रीतसर वर्णन १८५९ मध्ये प्राग येथे व्हिलेम लाम्बल याने केले, आणि ते मुलांच्या शौचातून केले, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे फ्योदोर ल्योश याने आव पडणाऱ्या एका रुग्णाच्या शौचात अमीबा दाखवला. पुढील अर्धशतकात उष्णकटिबंधीय वैद्यकाचे लक्ष अमीबानेच व्यापले, आणि त्याचे कारण उघड आहे : आव आणि त्यातून होणारे यकृतातील गळू हे पलटणीतील शिपायांना आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना होणारे आजार होते. १९१२ मध्ये कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी एमेटिनची सुई टोचून आवेवर उपचार करण्याची पद्धत रूढ केली, तीही मुख्यतः प्रौढांसाठी.

तान्ह्या मुलाच्या जुलाबांना मात्र वेगळा रोगकारक शोधावा अशी गरज कोणाला फारशी भासली नाही. महाराष्ट्रातल्या घराघरांत दात येताना पोट सुटायचेच असे मानले जाई, आणि अजूनही मानले जाते. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या मृत्युनोंदीतही दात येणे हे मरणाचे कारण म्हणून लिहिलेले आढळते, तेव्हा हा केवळ येथल्या आजीबाईंचा समज होता असे म्हणता येत नाही. खरे पाहता दात येण्याचे वय आणि उष्टावणानंतर वरचे अन्न सुरू होण्याचे वय एकच असते, आणि वरचे अन्न म्हणजे आईच्या दुधाबाहेरचे पाणी, भांडी आणि हात. हा संबंध १९६३ मध्ये जॉन गॉर्डन, आय. डी. चितकारा आणि जॉन वायॉन यांनी पंजाबातील लुधियाना जिल्ह्यातल्या खेड्यांच्या अभ्यासाच्या आधारे मांडला आणि त्याला दूध तुटतानाचा अतिसार असे नाव दिले. रोगाचे वय त्यांनी अचूक पकडले. त्याच्या मुळाशी असलेल्या जंतूंपैकी निम्मेअधिक तेव्हा अज्ञात होते.

त्यांतला एक जंतू अज्ञात नव्हता, केवळ विस्मृत होता. हार्वर्ड येथील अर्नेस्ट टिझर हे १९०७ च्या सुमारास उंदरांच्या गाठींचा, म्हणजे कर्करोगाचा, अभ्यास करत होते. पाळीव उंदरांच्या जठरग्रंथींचे पातळ काप पाहताना त्यांना पेशींच्या कडेला चिकटलेले बारीक गोल जीव दिसले. १९१० मध्ये त्यांनी त्यांचे नामकरण क्रिप्टोस्पोरिडियम म्यूरिस असे केले. ‘लपलेला’ हे विशेषण त्यांनी एका तांत्रिक कारणाने योजले : या गटातील इतर परजीवींच्या पुटीच्या आत आणखी एक कवच असते आणि बीजरूप जीव त्या आतल्या कवचात असतात, या जीवात ते आतले कवच आढळतच नव्हते. १९१२ मध्ये त्यांनी उंदराच्या लहान आतड्यात याहून बारीक अशी दुसरी जात वर्णिली आणि तिला ‘लहानसा’ या अर्थाचे पार्व्हम हे नाव दिले. उंदरांना या जीवांमुळे काही त्रास होत असल्याचे टिझर यांना दिसले नाही. आकृत्या सुबक होत्या, वर्णन काटेकोर होते, आणि ज्या जीवापासून कोणाला इजा नाही त्याच्याबद्दल वैद्यकाला जेवढी आस्था असते तेवढीच या शोधनिबंधांच्या वाट्याला आली.

या जीवाची राहणी पाहिली तर त्याचा पुढचा इतिहास समजणे सोपे जाते. शौचावाटे बाहेर पडणाऱ्या त्याच्या अवस्थेला ऊसिस्ट म्हणतात. मराठीत तिला कवचबंद पुटी म्हणता येईल. तिचा व्यास सुमारे ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. पुटी पोटात गेली की आतड्यात तिचे कवच उकलते आणि चार बीजरूप जीव बाहेर पडतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींवर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात आणि अन्नरसाचे शोषण त्यांच्याद्वारे होते; हे जीव तेथे चिकटतात, आणि पेशीचेच आवरण त्यांच्याभोवती वर येऊन त्यांना झाकून घेते. परिणामी हा परजीवी पेशीच्या आवरणाच्या आत, पण तिच्या अंतर्द्रव्याच्या बाहेर राहतो. घरात घेतलेला नाही आणि दारातून परतही धाडलेला नाही, अशा ओसरीवर मुक्काम ठोकलेल्या पाहुण्यासारखी ही अवस्था आहे. आतड्याच्या पोकळीतले औषध वरच्या आवरणामुळे त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि रक्तातले औषध पेशीच्या अंतर्भागात येऊन थांबते. मलेरियाच्या परजीवीत एका प्राचीन शैवालाचा अवशेष असलेले एक अंगक असते आणि काही प्रतिजैविके नेमकी त्यावर घाव घालतात. क्रिप्टोस्पोरिडियममध्ये ते अंगकच नाही, हे २००४ मध्ये त्याच्या जनुकसंचाचे वाचन झाल्यावर पक्के झाले. आणखी एक गोष्ट म्हणजे शौचातून बाहेर पडतानाच पुटी संसर्गक्षम असते; जंताच्या अंड्याला मातीत काही दिवस मुरावे लागते तसे हिला लागत नाही. मुलाचे दुपटे धुणारा हात तासाभरात दुसऱ्या मुलाला भरवत असेल तर तेवढा वेळ तिला पुरतो.

टिझर यांच्या पश्चात हा जीव पशुवैद्यकाच्या कोपऱ्यात पडून राहिला. १९५५ मध्ये स्लाव्हिन यांनी टर्की पक्ष्यांच्या पिलांत जुलाब आणि मृत्यू यांच्याशी त्याचा संबंध दाखवला, १९७१ मध्ये एका कालवडीच्या अतिसारात तो सापडला, आणि त्यानंतर गोठ्यांतील वासरांच्या हगवणीचे एक कारण म्हणून त्याच्याकडे पाहिले जाऊ लागले. माणसात तो पहिल्यांदा नोंदला गेला तो १९७६ मध्ये, एकाच वर्षी दोन ठिकाणी. त्यांतील एक रुग्ण अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील शेतावर राहणारी तीन वर्षांची मुलगी होती. तिच्या गुदाशयातील अस्तराचा तुकडा काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा परजीवी दिसला आणि मुलगी औषधावाचून बरीही झाली. दुसरा रुग्ण प्रौढ होता आणि त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली होती. आतड्याचा तुकडा काढल्याशिवाय निदान होत नाही, अशी त्या वेळची स्थिती होती; आणि जेथे सलाइनची बाटली मिळायची मारामार, तेथे जुलाब होणाऱ्या मुलाच्या आतड्याचा तुकडा काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे कोण पाठवणार होते? या काळात विकसनशील देशांतील मुलांत हा परजीवी ‘नव्हता’, याचा अर्थ इतकाच.

ही अडचण एका साध्या रंगाने दूर केली. १९८१ मध्ये हेन्रिक्सन आणि पोलेन्झ या पशुवैद्यकांनी दाखवून दिले की क्षयाच्या जंतूंसाठी वापरली जाणारी झील-नील्सन रंजनपद्धत थोडा फेरफार करून शौचाच्या नमुन्यावर वापरली, तर क्रिप्टोस्पोरिडियमच्या पुट्या रंग धरून ठेवतात. काचपट्टीवर शौचाचा पातळ थर पसरून वाळवायचा, त्यावर कार्बोल फ्युक्सिन हा गडद किरमिजी रंग ओतायचा, आम्लमिश्रित अल्कोहोलने धुवायचे आणि शेवटी हिरवा किंवा निळा रंग द्यायचा. इतर सर्व काही त्या हिरवटनिळ्या पार्श्वभूमीत बुडून जाते आणि पुट्या तेवढ्या डाळिंबाच्या दाण्यांसारख्या लाल उठून दिसतात. यीस्टच्या पेशी आकाराने जवळपास तेवढ्याच असल्या तरी त्या लाल होत नाहीत, त्यामुळे गल्लत टळते. भारतातल्या तालुका पातळीवरील ज्या प्रयोगशाळेत थुंकीची तपासणी होत होती, तेथे या पद्धतीची बहुतेक सामग्री अगोदरच फळीवर होती.

तरीही या परजीवीचे नाव जगभर झाले ते मुलांमुळे नव्हे. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सहा शहरांतील २१ पुरुषांची नोंद प्रसिद्ध केली. नुकत्याच ओळखल्या गेलेल्या एड्सच्या या रुग्णांना न थांबणारे पाणथळ जुलाब होत होते आणि कारण क्रिप्टोस्पोरिडियम हे होते. गोठ्यातला जंतू अचानक वैद्यकीय नियतकालिकांच्या पहिल्या पानांवर आला. या प्रकाशाची थोडी तिरीप विकसनशील देशांवरही पडली. कोस्टारिकात लिओनार्दो माता यांनी, आणि अन्यत्र इतरांनी, मुलांच्या शौचाचे नमुने रंगवून पाहण्यास सुरुवात केली. १९८५ मध्ये वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मिन्नी मथन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतीय मुलांतील क्रिप्टोस्पोरिडियमवर ‘लॅन्सेट’मध्ये टिपण लिहिले. मात्र या अभ्यासांतून एक पेच उभा राहिला. जुलाब होणाऱ्या मुलांत तो सापडत होता हे खरे, पण जुलाब नसलेल्या मुलांतही तो सापडत होता. मग तो रोगकारक मानायचा की वाटसरू? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी सुमारे तीस वर्षे लागली.

१९९३ हे वर्ष या कथेत दोनदा येते, आणि दोन्ही वेळा अगदी निराळ्या कारणाने. मार्चच्या अखेरीस अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या दक्षिणेकडील जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला. शहराला पाणी मिशिगन सरोवरातून येत होते, ते गाळले जात होते आणि त्यात क्लोरीनही घातले जात होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाळा, कचेऱ्या आणि रुग्णालये यांतील कर्मचारी मोठ्या संख्येने गैरहजर राहू लागले, औषधदुकानांतील जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या संपल्या, आणि ७ एप्रिल रोजी पाणी उकळून प्यावे असा आदेश निघाला; ९ एप्रिलला ते केंद्र बंद करण्यात आले. नंतर काढलेल्या अंदाजानुसार सुमारे ४ लाख ३ हजार लोकांना बाधा झाली होती. ज्या पाण्याने हे घडले ते तोवर केव्हाच वाहून गेले होते. पुरावा मिळाला तो बर्फात, कारण त्याच दिवसांत शहराच्या पाण्यापासून तयार केलेल्या बर्फाच्या लाद्या एका कारखान्यात शिल्लक होत्या आणि त्या वितळवल्यावर त्यांत पुट्या सापडल्या. संशय प्रथम आसपासच्या गोठ्यांवर होता, परंतु पुढे केलेल्या जनुकीय तपासणीत त्या माणसांत वाढणाऱ्या प्रकाराच्या निघाल्या. याच प्रकाराला २००२ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस ही स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. क्लोरीनने या पुट्यांचे काहीच का बिघडले नाही, याचे उत्तरही या काळात मोजून मिळाले : पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल, तर त्यांना निष्प्रभ करण्यास दहा दिवसांहून अधिक काळ लागतो. उकळणे मात्र पुरते. निरोगी स्वयंसेवकांवर अमेरिकेत झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्या लोकांना संसर्ग होण्यास १३२ पुट्या पुरेशा ठरल्या. टाचणीच्या माथ्यावर याच्या कितीतरी पट पुट्या मावतात.

मिलवॉकीचा परिणाम दूरगामी झाला. त्या उद्रेकाचा खर्च पुढे ९ कोटी ६२ लाख डॉलर इतका मोजला गेला, अमेरिकेने पिण्याच्या पाण्याच्या गाळणीचे नियम बदलले, आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे पाणीपुरवठा अभियंत्यांच्या शब्दकोशातील एक भयसूचक नाव बनले. त्याच १९९३ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कोरे म्योल्बाक आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या देशात मुलांच्या समूहावर दीर्घकाळ लक्ष ठेवून त्यांनी दाखवले होते की ज्या मुलांना पहिल्या वर्षात क्रिप्टोस्पोरिडियमचा अतिसार होतो, त्यांच्यातील मृत्यूचे वाढीव प्रमाण जुलाब थांबल्यावरही संपत नाही, ते दुसऱ्या वर्षातही टिकून राहते. एका श्रीमंत शहराच्या आठवडाभराच्या पोटदुखीने कायदा बदलला. बिसाऊतील या निष्कर्षाने कोणत्याही पाणीयोजनेत काही बदलल्याचे दिसत नाही. या तुलनेत मिलवॉकीच्या रुग्णांविषयी अनुदारता नाही. तेथेही एड्सच्या अनेक रुग्णांचे प्राण गेले. पण रोगाचे वजन कोणत्या तराजूत टाकले जाते, हे या दोन घटना शेजारी ठेवल्यावर जसे दिसते तसे एरवी दिसत नाही.

जुलाब थांबल्यावरही हानी चालू राहते, हे म्हणणे इतर ठिकाणांहूनही पुढे येऊ लागले. ब्राझीलमधील फोर्तालेझा शहराच्या झोपडवस्तीत रिचर्ड गेरंट आणि त्यांच्या ब्राझीलियन सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे तीच मुले पुन्हा पुन्हा मोजली. पेरूची राजधानी लिमा येथे विल्यम चेकली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की ज्यांना संसर्ग झाला पण जुलाब झाले नाहीत, अशा मुलांचेही वजन मागे पडते, आणि संसर्ग जितक्या कोवळ्या वयात तितकी हरवलेली उंची भरून निघणे कठीण. आतड्याच्या पेशींवरचे शोषणाचे उंचवटे आखूड आणि बोथट होतात, अस्तर गळके होते, दाह रेंगाळतो. मूल खाते पण अंगी लागत नाही. मराठीत अशा मुलाला बाळसे धरत नाही असे म्हणतात, आणि त्याचा दोष बहुधा आईच्या दुधाला किंवा दृष्टीला दिला जातो. शिवाय हे चक्र उलट बाजूनेही फिरते : कुपोषित मुलाला हा परजीवी अधिक काळ धरून ठेवतो आणि धरलेला काळ त्याला आणखी कुपोषित करतो. वर विचारलेल्या प्रश्नाचे, रोगकारक की वाटसरू याचे, अर्धे उत्तर येथे होते. लक्षणे नसलेले मूल निरोगीच असते, हे गृहीतकच चुकीचे होते.

उरलेले अर्धे उत्तर मोजमापाच्या एका प्रचंड खटाटोपातून आले. मेरीलँड विद्यापीठातील मायरन लेव्हिन आणि कॅरेन कॉट्लॉफ यांच्या पुढाकाराने २००७ ते २०११ या काळात गांबिया, माली, केनिया, मोझांबिक, भारत, बांगलादेश आणि पाकिस्तान या सात देशांत एकच आराखडा वापरून अतिसाराचा अभ्यास झाला. भारतातील केंद्र कोलकात्याच्या राष्ट्रीय पटकी व आंत्ररोग संस्थेकडे होते. डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली कातडी सावकाश परतणारी, शौचात रक्त असलेली, किंवा सलाइनची अथवा रुग्णालयात दाखल करण्याची गरज पडलेली पाच वर्षांखालील मुले त्यात ‘मध्यम ते तीव्र’ रुग्ण म्हणून घेतली गेली, आणि प्रत्येकासाठी त्याच वस्तीतले, त्याच वयाचे व लिंगाचे, जुलाब नसलेले किमान एक मूल तुलनेसाठी नोंदवले गेले. रुग्ण ९,४३९ होते आणि तुलनेतील मुले १३,१२९. सर्वांच्या शौचात एकाच वेळी विषाणू, जिवाणू आणि परजीवी शोधण्यात आले, आणि सुमारे दोन महिन्यांनी प्रत्येक घरी पुन्हा जाऊन मूल कसे आहे हे पाहण्यात आले. आराखड्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही दुसरी भेट होती. त्याआधीच्या बहुतेक अभ्यासांत मूल दवाखान्यातून घरी गेले की कागदावर बरे होत असे.

मे २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले तेव्हा रोटाव्हायरस अग्रस्थानी असल्याचे कोणाला आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य दुसऱ्या क्रमांकाचे होते : एक वर्षाखालील मुलांत रोटाव्हायरसच्या खालोखाल क्रिप्टोस्पोरिडियम. एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांत तर मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक वाढण्याशी त्याचा संबंध आढळला. मध्यम ते तीव्र अतिसार झालेल्या मुलांत पुढील दोन महिन्यांत मरण्याची शक्यता तुलनेतील मुलांच्या साडेआठ पट होती, आणि निम्म्याहून अधिक मृत्यू नोंदणीनंतर आठवडा उलटून गेल्यावर झाले होते, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याने जो प्रसंग टळतो तो टळून गेल्यावर. याच अभ्यासात गिआर्डियाचे चित्र मात्र उलटेपालटे निघाले. लेव्हेनहूकपासून ओळखीचा असलेला हा परजीवी जुलाबाच्या मुलांपेक्षा तुलनेतील मुलांतच अधिक सापडला. आणि अमीबा, ज्याच्या नावाने भारतात जुलाबाच्या कोणत्याही मुलाला मेट्रोनिडाझोलचे कडू सिरप लिहून देण्याची रीत पडली आहे, तो बहुतेक केंद्रांत विरळा होता. त्या सिरपचा क्रिप्टोस्पोरिडियमवर काही परिणाम होत नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. पुढे २०१६ मध्ये याच नमुन्यांची अधिक संवेदनशील जनुकीय पद्धतीने फेरतपासणी झाली, त्यात शिगेला हा जिवाणू वर सरकला आणि क्रमवारी काहीशी बदलली, परंतु पहिल्या सहांतून क्रिप्टोस्पोरिडियम हलला नाही. २०१६ या एका वर्षात त्याने पाच वर्षांखालील ४८ हजारांहून अधिक मुलांचा बळी घेतल्याचा अंदाज नंतर मांडला गेला.

एवढे झाल्यावर शुद्ध पाणी द्यावे म्हणजे प्रश्न सुटेल, असे वाटणे स्वाभाविक होते. वेल्लूरने या समजाची परीक्षा घेतली. मथन यांच्या टिपणानंतर तेथे हे काम थांबले नव्हते. गगनदीप कांग आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून मुलांचा माग ठेवून आठवड्यामागून आठवडे शौचाचे नमुने साठवले होते, आणि तीन वर्षांचे होईपर्यंत जवळपास सर्वच मुलांना हा संसर्ग कधी ना कधी, बहुतेकदा लक्षणांविना, होऊन जातो असे त्यांना आढळले होते. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतही दोन वर्षांच्या आत चारांपैकी सुमारे तीन मुलांना तो झाला होता. वेल्लूरच्या अर्धनागरी वस्तीत काही मुलांना प्यायला बाटलीबंद पाणी पुरवून त्यांची तुलना नळाचे पाणी पिणाऱ्या मुलांशी करण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाटलीबंद पाण्यामुळे संसर्ग कमी झाल्याचे दिसले नाही. ज्या वस्तीत गटार उघडे आहे, रांगते मूल अंगणातली माती तोंडात घालते, मोठ्या भावंडाचा हात धुतलेला नसतो आणि पाण्याच्या हंड्यात ओगराळ्याऐवजी पेलाच बुडवला जातो, तेथे १३२ पुट्यांना तोंडापर्यंत पोहोचण्यास पाणी ही अनेक वाटांपैकी एक वाट होती.

औषधाची कथा यापेक्षा आखूड आहे. १९७० च्या दशकात ज्यां-फ्रांस्वा रोसिन्योल यांनी शोधलेले नायटाझोक्सानाइड हे मूळचे जंतांवरील औषध झांबियातील लुसाका येथे क्रिप्टोस्पोरिडियम असलेल्या मुलांना देऊन पाहण्यात आले; त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एचआयव्ही नसलेल्या मुलांपैकी ५६ टक्क्यांचे जुलाब थांबले, तर निव्वळ दिखाऊ औषध (प्लासिबो) मिळालेल्यांपैकी २३ टक्क्यांचे. एचआयव्हीग्रस्त मुलांना काहीच फायदा झाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत मुलांसाठी त्याला परवाना मिळाला. यापुढची वाट अडली होती, कारण हा परजीवी प्रयोगशाळेत सलग वाढवता येत नव्हता आणि त्याच्या जनुकांत फेरफारही करता येत नव्हता. ती कोंडी २०१५ मध्ये बोरिस स्ट्रिपेन आणि सहकाऱ्यांनी जॉर्जिया विद्यापीठात फोडली. बदललेले बीजरूप जीव त्यांनी शस्त्रक्रिया करून थेट उंदराच्या आतड्यात सोडले, म्हणजे टिझर यांनी जेथे पार्व्हम पाहिला होता त्याच घरी शतकानंतर पुन्हा जावे लागले. नव्या साधनांनी जुन्या औषधांची चाळणी सुरू झाली आणि २०१७ मध्ये एक परिचित नाव वर आले : क्लोफाझिमिन, कुष्ठरोगाच्या बहुऔषध उपचारातील ती लालसर गोळी, जिने कातडी काळपट-तांबूस होते आणि जी महाराष्ट्रातील कुष्ठरोग कार्यकर्त्यांच्या पिशवीत कित्येक दशके राहिली आहे. प्रयोगशाळेत आणि उंदरांत ती प्रभावी ठरली. मग मलावीतील ब्लँटायर येथे, क्रिप्टोस्पोरिडियमने आजारी असलेल्या एचआयव्हीग्रस्त प्रौढांवर तिची चाचणी झाली. २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि शौचातून बाहेर पडणाऱ्या परजीवींच्या संख्येत तिने काही फरक पडल्याचे दिसले नाही.

त्यामुळे अमेरिकी परवाना असलेले औषध अद्याप ते एकच आहे. त्या परवान्यात वयाची खालची मर्यादा पूर्ण एक वर्ष अशी आहे. सात देशांच्या गणतीत क्रिप्टोस्पोरिडियम दुसरा आला होता तो त्या मर्यादेखालील मुलांत.